सीडी४ची नळी बर्फावर ठेवू नका: मा. आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्य मंत्री महोदय,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सा. न. वि. वि.

एचआयव्हीवरचे उपचार दोन आकड्यांवर चालतात. सीडी४ या पांढऱ्या रक्तपेशींची संख्या सांगते की प्रतिकारशक्ती किती उरली आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, सांगते की औषध लागू पडते आहे की नाही. दोन्हींसाठी रक्त एकाच शिरेतून, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) नळीत घेतात. पुढे मात्र दोघांची वाट वेगळी, आणि घोटाळा तिथेच होतो.

सीडी४साठी पेशी धडधाकट हव्यात. म्हणून रक्त १८ ते २५ अंशांत ठेवून ४८ तासांच्या आत यंत्रावर लावायचे. झाबुआ, आलीराजपूरकडून निघालेली नळी आइसपॅकला टेकून आली, तर त्या बाजूचे रक्त गारठते, पेशी फुटतात आणि प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना पातळ भाग) लालसर दिसतो. मग येणारा आकडा रुग्णाचा नसतो, पेटीचा असतो. माळव्याच्या रात्री गार असल्या तरी मे महिन्यातल्या दुपारी गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. तेव्हा गोठलेला नव्हे, नुसता गार जेलपॅक ठेवावा आणि नळ्या व पॅक यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घालावा.

व्हायरल लोडचे नेमके उलटे. रक्त काढल्यापासून ६ तासांत सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून प्लाझ्मा वेगळा काढायचा आणि तो थंडच न्यायचा. उशीर झाला की विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य, जे ही तपासणी मोजते) तुटतो, आकडा खोटा उतरतो आणि औषध न लागलेला रुग्ण कागदावर ठीक दिसतो. आमच्या मते सर्वांत घातक चूक हीच. एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या १,००० कॉपीज (प्रती) यांच्या वर आकडा गेला की औषध नियमित घेण्याचे समुपदेशन करून ३ महिन्यांनी पुन्हा तपासतात. खोटा आकडा ही साखळी सुरूच होऊ देत नाही.

रक्त घेतल्यावर नळी ८–१० वेळा हलकेच उलटसुलट करायची, झटकायची नाही. गुठळी झाली तर पेशी तिच्यात अडकतात आणि सीडी४ कमी भरतो.

२०१७ पासून सीडी४ कितीही असला तरी निदान होताच औषध सुरू होते, म्हणून ही तपासणी आता कशाला, असे काहींना वाटते. पण सीडी४ रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये २००च्या खाली असेल तर क्षयरोग आणि मेंदूच्या बुरशीजन्य संसर्गाचा शोध तातडीने घ्यावा लागतो. हा आकडा सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असतो. साध्या तापातही घसरतो. एकाच रुग्णाचे रक्त दरवेळी त्याच सुमारास घ्यावे.

आमची मागणी: प्रत्येक एआरटी केंद्राला (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्राला) दोन वेगळ्या रंगांच्या पेट्या द्या, प्रत्येक पेटीत थर्मामीटर असू द्या. जिथे सेंट्रिफ्यूज नाही तिथे तो बसवा आणि वीज गेल्यावर तो चालेल अशी सोय करा. नळीवर नुसती तारीख नको, रक्त काढल्याची वेळही लिहिणे सक्तीचे करा. वेळ नसलेला नमुना परत पाठवण्याचा अधिकार तंत्रज्ञाला लेखी द्या, आणि त्या रुग्णाला दुसऱ्या फेरीचे गाडीभाडे शासनाने द्यावे.

आपले,
इंदूरमधील प्रयोगशाळा तंत्रज्ञ