चित्र आधी, वही नंतर

ती. आई-बाबांस सा. न.

समुपदेशक बाईंनी सांगितलेलं 'चित्र आणि लेखन' घरी कसं करायचं, असं विचारलंत. फोनवर अर्धं सुटेल, म्हणून लिहूनच पाठवते.

ए-फोर मापाचे जाड ड्रॉइंग पेपर, १२ ऑइल पेस्टलची (तेलकट रंगखडूंची) पेटी, वही आणि बॉलपेन, एवढं पुरे. जलरंग नकोत. कागद पाण्याने फुगतो, आणि आई, तुझ्या थरथरत्या हाताला ब्रशपेक्षा मुठीत धरलेला पेस्टल बरा. पेन्सिल-खोडरबर मात्र कपाटात. बाबा, हे खास तुमच्यासाठी! खोडरबर हाती आलं की माणूस चित्र सुधारत बसतो आणि मनातलं मनातच राहतं.

कोऱ्या कागदाची धास्ती वाटली तर नाश्त्याची ताटली उपडी ठेवून भोवती पेस्टलनेच रेघ ओढा. वर्तुळाच्या आत-बाहेर १५ मिनिटं रंगवा. ओळखू येण्यासारखं काही निघालं नाही तरी चालेल. मग कागद हातभर लांब धरून दोन मिनिटं नुसतं बघा. ही दोन मिनिटं गाळलीत की वहीत 'सकाळी उठलो, चहा घेतला' सुरू होतं. चित्रातला एक डाग निवडा आणि त्याच्याच तोंडून लिहा: 'मी कोपऱ्यातला काळा. मला इथे कुणी ढकललं?' १५ मिनिटं हात थांबवायचा नाही. अडलात तर शेवटचं वाक्य पुन्हा लिहा. ऱ्हस्व-दीर्घ बघू नका.

हे १५ मिनिटांचं माप मनाने घातलेलं नाही. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस तेवढाच वेळ मनातलं दुखणं लिहायला लावलं. लिहून उठल्यावर ती मुलं उदास झाली. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नुसती घटना लिहिली तर तो पंचनामा होतो. म्हणून डोळे भरले तर घाबरू नका, फक्त रात्री झोपताना बसू नका. चारच्या चहाआधी बसा. धडधड थांबेना झाली तर विषय तिथेच सोडा आणि बाईंना कळवा. गोळ्या चालूच ठेवायच्या.

एकमेकांची वही वाचायची नाही. चित्र दिसलं तरी 'हे काय काढलंय?' विचारू नका. मागे तारीख घाला. आणि ऑइल पेस्टल पूर्ण वाळत नाही, तेव्हा दोन चित्रांमध्ये बटर पेपर ठेवा, नाहीतर बाबांचा निळा आईच्या पिवळ्यावर उमटेल.

तुमची,
ताई