बाबा, तो समास व्याकरणातला नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल रात्री फोनवर तुम्ही विचारलंत, "समास स्वच्छ आहेत म्हणजे काय गं?" 30 वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला आतड्याच्या कॅन्सरवरचं इंटरनेटवरचं मराठी पान कळू नये, याचं फार वाईट वाटलं. मी ते पान काढून पाहिलं. इंग्रजी मजकूर यंत्राने मराठीत आणलाय आणि 'मार्जिन'साठी वहीच्या समासाचा शब्द तिथे चिकटवलाय. म्हणायचं एवढंच आहे की काढलेल्या आतड्याच्या कडांना कॅन्सरच्या पेशी नाहीत. रुग्णांसाठीची माहिती सहावीतल्या मुलाला कळेल इतकी सोपी असावी, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशन सांगते. तुमच्या समजण्यात काही कमी नाही, बाबा.

आणि आई, ऑपरेशननंतर पोटावर शौचाची पिशवी लागेल या धास्तीने तू दोन दिवस नीट जेवली नाहीस म्हणे. त्या पानाने 'कोलोरेक्टल' या एका शब्दात मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही कोंबलेत. पोटावर कायमची पिशवी लागते ती बहुतेक वेळा गाठ गुदाशयात अगदी खाली असली तर. बाबांची गाठ मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात आहे. तेवढा भाग काढून उरलेली टोकं सहसा त्याच ऑपरेशनमध्ये जोडतात. क्वचित तात्पुरती पिशवी ठेवावी लागते. ती कधी आणि किती दिवस, हे मी सर्जनना समोर बसून विचारीन.

5 वर्षं जगणाऱ्यांची टक्केवारी वाचत बसू नका. ते आकडे आधी उपचार झालेल्या लोकांचे, सगळ्या वयांचे. तुमची स्टेज, म्हणजे कॅन्सर किती पसरलाय ते, तर काढलेला भाग तपासल्यावरच पक्की कळेल. त्यात आतड्याजवळचे निदान 12 लिम्फ नोड (लसिका ग्रंथी) तपासले जावेत, अशी अपेक्षा असते.

अशी माहिती पारखायला ऑक्सफर्डमध्ये 1999 साली 'डिसर्न' नावाची 16 प्रश्नांची यादी तयार झाली. मजकूर कधीचा आहे? उपचाराचे धोके सांगितलेत का? उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल? तुमच्या पानावर यातलं एकही नाही, अपॉइंटमेंटचं बटण मात्र तीनदा आहे. मला याचा खरंच राग येतो.

शुक्रवारी रात्री अवंतिका एक्सप्रेसने निघते, शनिवारी सकाळी रामबागेत घरी पोचेन. तोवर रात्री फोन आईकडे देत जा. रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची, हे डॉक्टरांना विचारायचं राहिलंय. वहीत पहिलं तेच लिहा.

तुमची,
मीनू