वादळाची खबर गावाकडूनही जायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आला की पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांचा अर्थ वृत्तपत्रांतून समजावला जातो, तालुक्याच्या बैठकीत आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा वाचला जातो आणि पहिल्या सरीबरोबर तो कपाटात जातो. या तयारीत इशारा वरून खाली कसा पोहोचेल याचा विचार असतो. गावात प्रत्यक्ष काय घडते आहे, ते वर कसे कळेल याचा नसतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन अलिबागच्या दक्षिणेला, आमच्या श्रीवर्धनच्या बाजूच्या किनाऱ्यावर धडकले. हवामान विभागाने पूर्वसूचना वेळेवर दिली होती आणि किनाऱ्यालगतची कुटुंबे आधीच हलवली गेली, याचे श्रेय द्यायलाच हवे. त्या दुपारी आमच्या आळीत आग्नेयेकडून झोडपणारा वारा एकाएकी पडला. वादळ सरले असे समजून शेजारच्या गृहस्थांनी उडालेली कौले सारखी करायला शिडी लावली. ते तिसऱ्या पायरीवर असतानाच वारा वायव्येकडून उलटला आणि शिडी त्यांच्यासकट पडवीत कोसळली. खरचटण्यावर निभावले, एवढेच. ती शांतता वादळाच्या केंद्राची होती आणि निम्मे वादळ अजून यायचे होते, हे आळीत कोणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. संध्याकाळपर्यंत पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज आणि मोबाइल गेले. मुंबई बचावली म्हणून राज्याने सुटकेचा निःश्वास टाकला, हे आम्हाला फार उशिरा समजले. आमचे हाल राज्याला कळायलाही तसाच उशीर झाला.

रडार असताना माणसांच्या निरीक्षणाची गरज काय, असा प्रश्न येईल. पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारची लहर जसजशी दूर जाते तसतशी जमिनीपासून उंच होत जाते. मुंबईतील कुलाब्याच्या रडारपासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या आमच्या भागात ती किलोमीटरभराहून अधिक उंचीवरून जाते. खाली कोणते झाड मोडले, कोणत्या पऱ्ह्याचे पाणी साकवावर आले, हे तिला दिसत नाही. पावसाचे म्हणाल, तर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला असताना त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. तालुक्याला एक पर्जन्यमापक कसा पुरेल?

अमेरिकेत ‘स्कायवॉर्न’ या उपक्रमात प्रशिक्षित स्वयंसेवक आपापल्या भागातील वादळाची खबर थेट हवामान कार्यालयाला देतात. त्यांची टोर्नेडोसारखी चक्री तुफाने वेगळी, आपला वळीव वेगळा; पण पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवक घडतात, मात्र त्यांचा भर बचावकार्यावर असतो. त्यांच्यातलेच किंवा नवे चार-पाच जण प्रत्येक गावात निरीक्षक म्हणून तयार करावेत. शिकवायचे फार नाही. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजणे. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या म्हणजे वारा ताशी साठ-सत्तर किलोमीटरवर गेला, हे ओळखणे. देशावर गारा पडल्या तर त्या हरभऱ्याएवढ्या की लिंबाएवढ्या ते सांगणे. आणि स्वतः पाहिले तेवढेच, ठिकाण व वेळेसह कळवणे. ही शेवटची सवय सर्वांत अवघड, कारण दर वादळात कुठल्या तरी जुन्या चित्रफिती आमच्या गावाच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतात. आणि निरीक्षण म्हणजे जेट्टीवर जाऊन लाटांचे रील काढणे नव्हे, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला बजावले पाहिजे. पक्क्या घराच्या खिडकीतून दिसेल तेवढे पुरते.

हवामान विभागाच्या संकेतस्थळावर नागरिकांना निरीक्षण नोंदवण्याची सोय आहे, पण गावात ती किती जणांना माहीत आहे, आणि मोबाइलचे मनोरे बंद पडल्यावर तिचा उपयोग काय? म्हणून निदान तहसील कार्यालय आणि किनाऱ्यावरच्या गावांदरम्यान बिनतारी संचाची व्यवस्था असावी आणि मे महिन्यातच तिची एकदा चाचणी घ्यावी.

त्या वादळानंतर मी परसात पर्जन्यमापक बसवला. पाच पावसाळ्यांच्या नोंदी वहीत आहेत. त्या कोणाकडे द्यायच्या, असे दोन कार्यालयांत विचारून आलो. दोन्ही ठिकाणी मला दुसऱ्या कार्यालयाचे नाव सांगण्यात आले.

आपला,
एक वाचक
ता. श्रीवर्धन, जि. रायगड