भिकबाळी घातली म्हणून टोमणे कशाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

माझा नातू अकरावीत आहे. सुट्टीत त्याने हौसेने उजवा कान वरती टोचून भिकबाळी घातली. शाळेत काढायला लावली, ते एकवेळ समजू शकते, युनिफॉर्म सगळ्यांना सारखाच. पण आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणारे मोठे लोक त्याला "काय रे, पोरगी झालास का" म्हणून विचारतात आणि पोरगं जेवता जेवता रडायला लागतं, हे मला अजिबात सहन झालं नाही म्हणून लिहितेय.

अहो, भिकबाळी पुरुषांचाच दागिना आहे! दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात आजेसासऱ्यांचा फोटो होता, डोक्यावर पगडी आणि कानात मोत्याची भिकबाळी. रवि वर्मांनी काढलेलं तरुण सयाजीराव महाराजांचं चित्र बघा, दागिन्यांनी मढलेले आहेत. आणि बालगंधर्व स्टेजवर जशी साडी नेसायचे तशी त्या काळच्या घरंदाज बायका नेसायला लागल्या होत्या, म्हणजे बायकांना साडीची फॅशन एका पुरुषाकडून मिळाली.

आपल्या बडोद्यात नवरात्रात तर सगळेच पुरुष केडियू घालतात, छातीशी घट्ट आणि खाली फ्रॉकसारखा चुणीदार घेर, वर आरसे, रंगीत भरतकाम, गोंडे. तेच बाकावरचे काका घालतात, फोटो ग्रुपवर टाकतात. घडियाळी पोळच्या अंबामातेच्या देवळात तर गरबा पुरुषच करतात, बायका बसून बघतात. मग दसरा झाला की लगेच बायकी-पुरुषी कुठून आठवतं?

बायकांचंही तेच झालंय. नऊवारीचा काष्टा धोतरासारखाच मागे खोचायचा, शेतात, घोड्यावर सगळीकडे चालायचा. आमच्या सासूबाई काष्टा सोडून गोल पातळ नेसायला लागल्या तर त्यांच्या सासूने घर डोक्यावर घेतलं होतं. मी १९८४ साली लग्नानंतर पंजाबी ड्रेस घातला तेव्हा सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि आज माझ्याच वयाच्या मैत्रिणी सुनेला सांगतात की ड्रेस घाल, जीन्स नको. (त्या जीन्सला मुलींसाठी नीट खिसे का शिवत नाहीत हे मात्र कोणी विचारत नाही, मोबाईलसुद्धा मावत नाही.)

चूक माझीही झालीय. मुलगा लहान असताना बहिणीने त्याच्यासाठी गुलाबी स्वेटर विणला होता, किती सुंदर होता, मी तो पोराला एकदाही घालू दिला नाही, लोक हसतील म्हणून. बहीण काही बोलली नाही पण तिला लागलं होतं, मला अजून वाईट वाटतं.

ऊन-थंडी बघा, काम बघा, स्वच्छ आहे का बघा, त्या कपड्यावरून पोराला बोलायचं तर एवढंच बोला. भिकबाळी सध्या माझ्या कपाटात डबीत आहे. दिवाळीची सुट्टी लागली की मी स्वतः त्याच्या कानात घालणार आहे आणि त्याला घेऊन त्याच बाकावर जाऊन बसणार आहे.

— एक आजी, बडोदे