यादीत नाव नसलेल्यांचे काय?

संपादक महोदय,

म्यानमारमधील ५,८६४ कैद्यांच्या माफीची जानेवारी २०२५ मधली आपल्या अंकातली बातमी वाचली आणि संताप आला. मथळ्यात तिथल्या लष्करी राजवटीचा उदारपणा होता; सुटलेल्यांत राजकीय कैदी किती, हे बातमीत कुठेच नव्हते. तिथे ४ जानेवारीला, स्वातंत्र्यदिनी, अशी माफी जाहीर होतेच. सुटतात ते मुख्यतः साध्या गुन्ह्यांतले. २०,००० हून अधिक राजकीय कैदी तेव्हा आतच राहिले.

दर माफीला यांगूनच्या इन्सेन तुरुंगाबाहेर घरची माणसे ताटकळत उभी असतात. ते उभे राहणे मला ठाऊक आहे. आणीबाणीत माझे वडील 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, आत होते. काही जण सुटणार असे कळले म्हणून आई त्यांचे धुतलेले कपडे पिशवीत घालून, मला घेऊन फाटकाशी गेली. मी नऊ वर्षांचा होतो. शिपायाने यादी वाचली. नाव नव्हते. "पुन्हा एकदा वाचता का?" आईने विचारले. त्याने वाचलीही. परतताना बसमध्ये ती पिशवी पोटाशी धरून बसली होती आणि मला राग आला होता तो वडिलांचा, की माफी लिहून देऊन ते घरी का येत नाहीत. त्या रागाची मला आजही लाज वाटते.

मंडालेचे नाव काढले की आपल्याला लोकमान्य आठवतात. त्याच मंडालेचे मुख्यमंत्री झॉ मिंत माँग यांना २०२१च्या लष्करी उठावानंतर तुरुंगात टाकले. शिक्षा माफ झाली ती रक्ताचा कर्करोग झालेला हा माणूस अखेरच्या घटका मोजत असताना. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. याला सुटका म्हणायचे?

त्याच उठावात सत्तेवरून दूर केलेल्या नेत्या आँग सान सू ची यांना २०२५च्या सुरुवातीला २७ वर्षांची शिक्षा होती. आरोपांत वॉकीटॉकी बाळगल्याचाही एक! रोहिंग्यांच्या बाबतीत त्या जे वागल्या ते मला मुळीच मान्य नाही, पण म्हणून त्यांना डांबून ठेवणे न्याय्य ठरत नाही. त्या दिल्लीत शिकल्या. भारताने त्यांना नेहरू पुरस्कार दिला. त्यांना आणि सर्व राजकीय कैद्यांना सोडा, असे आपल्या सरकारने शेजारी म्हणून उघडपणे आणि वारंवार सांगितले पाहिजे.

आपणही माफीच्या आकड्याशेजारी आत राहिलेल्यांचा आकडा छापावा. आणखी एक. आपल्या अंकात आँग सान सू ची यांचे नाव कधी 'सू ची' असते, कधी 'स्यू की'. ७९व्या वर्षीही ही बाई कैदेत होती, निदान तिचे नाव तरी एकसारखे छापा.

आपला,
एक जुना वाचक