गाडीच्या वाटेतला सर्व्हिस पाइप

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरालगत गाडी उभी करण्याची जागा आखताना गाडी वळेल का, दार पुरते उघडेल का, याचा विचार होतो. पण त्याच भिंतीवरून वीज मीटरकडे जाणाऱ्या सर्व्हिस लाइनच्या, म्हणजे वीज कंपनीकडून घरात पुरवठा आणणाऱ्या वायरीच्या, पाइपाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, आणि तोही किमतीपुरताच होतो. हे चिंताजनक आहे. खोलीतल्या वायरीत शॉर्टसर्किट झाले, तर एमसीबी, म्हणजे आपोआप बंद होणारा सुरक्षा स्विच, क्षणार्धात पडतो. मीटरकडे येणारी वायर मात्र घरातल्या मेन स्विचच्या आधी, पुरवठ्याच्या बाजूला असते आणि तिला संरक्षण असते ते केवळ त्या बाजूच्या मोठ्या फ्यूजचे. पाइप चेपून आतल्या वायरी एकमेकींना भिडल्या, तर तो फ्यूज उडेपर्यंत जाळ चालू राहू शकतो आणि घरातला मेन स्विच पाडूनही तो थांबत नाही.

गाडीचा धक्का किरकोळच असतो, हा समजही तपासून पाहावा. दीड टनाची गाडी ताशी 5 किलोमीटरने, म्हणजे चालत्या माणसाच्या वेगाने, मागे येऊन 5 सेंटिमीटरच्या अंतरात थांबली, तर सरासरी सुमारे 3 टन वजनाइतका जोर पाइपावर येतो.

त्यामुळे अशा जागी साधा, पातळ पीव्हीसी पाइप वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षानुवर्षे ऊन खाऊन तो ठिसूळ होतो आणि फुटला की त्याच्या धारदार कडा थेट वायरीच्या इन्सुलेशनवर येतात. अमेरिकेच्या विद्युत संहितेत अशा ठिकाणांसाठी मान्य असलेल्या पर्यायांत जाड भिंतीचा ‘शेड्यूल 80’ पीव्हीसी आणि जाड पोलादी कंड्युट (वायरींसाठीचा पाइप) हे दोन्ही आहेत. त्याहून पातळ प्रकारच्या, दोन इंची ‘शेड्यूल 40’ पाइपाची भिंत सुमारे 3.9 मिलिमीटर, तर ‘शेड्यूल 80’ची 5.5 मिलिमीटर असते. बाहेरचा व्यास मात्र तोच राहत असल्याने आतली जागा सुमारे 12 टक्क्यांनी घटते. वायरींचा हिशोब आधीच केला नाही, तर ऐन वेळी त्या ओढता येत नाहीत.

तरीही गाडीच्या मार्गात माझी पसंती जाड जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी, पाइपालाच आहे, कारण तो चेपतो, वाकतो, पण सहसा तुकडे होऊन फुटत नाही. मात्र तो अर्थिंगला पक्का जोडलेला हवा. नाहीतर आत वायर सोलली गेली की पूर्ण पाइपात वीज उतरते. कापलेल्या तोंडाची धार कानशीने घासून तिथे बुश, म्हणजे वायर कापू न देणारी गुळगुळीत कडी, बसवणे, आणि पाइप जमिनीतून वर येतो तेवढ्या भागाला गंजरोधक थर देणे, ही कामे घाईत हमखास राहून जातात.

आणि कितीही जाड झाला, तरी पाइप काही गाडी अडवण्यासाठी बनवलेला नसतो. धक्का बसला की पाइप जोडणारे कपलर निखळतात आणि मीटरच्या पेटीतले, वायरी जोडलेले टर्मिनलही हलतात. शक्य असेल तर लाइन कोपऱ्याआडून न्यावी. ते जमत नसेल, तर पाइपासमोर पुरेसे अंतर सोडून, काँक्रीट भरलेला पोलादी खांब खोल पाया घेऊन रोवावा. खड्डा खणण्यापूर्वी खाली केबल नाही, याची खात्री करून घ्यावी.

धडक बसलीच, तर चेपलेला पाइप ठोकून सरळ करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. बाहेरून नुसता पोचा दिसत असला, तरी आतले इन्सुलेशन कापले गेलेले असू शकते. पाइपाला हात न लावता वीज कंपनीला कळवून पुरवठा त्यांच्या बाजूनेच बंद करून घ्यावा आणि वायर तपासल्याशिवाय तो पुन्हा सुरू करू देऊ नये.

आपला,
एक विद्युत कंत्राटदार