आमच्या शाळेतल्या मावशींना

प्रिय मावशी,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या यंदाच्या अहवालात एक ओळ आहे: 'सहावी ते दहावीच्या मुलींच्या उपस्थितीत चांगली वाढ.' त्या ओळीखाली मुख्याध्यापकांचं, शिक्षकांचं आणि पालक संघाचं अभिनंदन आहे. तुमचा उल्लेख येतो तो पार शेवटी, 'परिसर स्वच्छ ठेवल्याबद्दल'. तो खराच आहे, पण फार अपुरा आहे. मुली शाळेत टिकू लागल्या त्यामागे काय काय घडलं, हे मी आठवीची वर्गशिक्षिका म्हणून जवळून पाहिलं. ते चार लोकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नाव छापू नका म्हणालात, त्याचा मान ठेवते. मुलींची नावं तर नाहीतच.

सुरुवात पाण्याच्या बाटल्यांपासून झाली. शाळा सुटल्यावर वर्ग झाडताना बाकांखाली विसरलेल्या बाटल्या तुम्हीच गोळा करता. मुलग्यांच्या बाटल्या रिकाम्या असतात आणि मुलींच्या जवळजवळ भरलेल्या, हे तुमच्या नजरेत आलं. मग तुम्ही मुलींनाच विचारलंत, आणि तेही चारचौघांत नाही, तर नळापाशी हात धुताना, एकेकीला गाठून. सगळ्यांचं उत्तर एकच निघालं. पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर दाराला कडी लागत नाही. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं. मैत्रीण गैरहजर असली की दिवसभर दाबून धरायचं.

मी विज्ञान शिकवते, म्हणून यात शरीराचं काय होतं ते इथे मांडते. पाणी कमी पडलं की डोकं दुखतं, लक्ष लागत नाही, पोट साफ होत नाही. लघवी तासन्‌तास रोखली की मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. त्यात स्त्रीची मूत्रनलिका आखूड, पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम ४ सेंटिमीटर, त्यामुळे जंतूंना आत पोचायला फारसं अंतरच नसतं. मूत्रमार्गाचा संसर्ग मुलग्यांपेक्षा मुलींना पुष्कळ जास्त होतो तो यामुळे. शेवटच्या तासाला कपाळ धरून बसलेली मुलगी अभ्यासाला कंटाळलेली वाटते. कित्येकदा ती फक्त तहानलेली असते.

तुम्ही कार्यालयातून तक्रारवही मागून घेतलीत. 'मुलींकडे पहिल्या दाराची कडी आतून बसत नाही, तिसऱ्याला कडीच नाही, दिवा बंद' असं लिहून खाली तारीख घातलीत आणि सही केलीत. काही हललं नाही तेव्हा त्याच नोंदीखाली पुन्हा तारीख, पुन्हा सही. तिसऱ्या सहीनंतर सुतार आला. तो आला तेव्हा तुम्ही बादली खाली ठेवून शेजारी उभ्या राहिलात आणि पाचवीतल्या सगळ्यात बुटक्या मुलीला बोलावून, तिचा हात पोचेल त्या उंचीवर कडी लावून घेतलीत. आतल्या बाजूला एक खुंटीही ठोकायला लावलीत, कारण ओढणी आणि दप्तर ओल्या फरशीवर ठेवावं लागतं म्हणून मुली जायचं टाळतात, हे तुम्हाला माहीत होतं. ही खुंटी कुठल्याही आराखड्यात नव्हती. ती रोज तिथे काम करणाऱ्या बाईलाच सुचू शकते.

डब्यांचंही तसंच. पूर्वी एकच डबा होता आणि तो बाहेरच्या बोळात होता. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून सगळ्यांच्या देखत तिथवर न्यायचं, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला किती अवघड जातं ते सांगायला नको. त्या दिवसांत घरी राहिलेलंच बरं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तुम्ही प्रत्येक दाराच्या आत झाकणाचा डबा मागितलात. पॅडची पाकिटं कार्यालयातल्या कपाटातून काढून आतल्या फळीवर ठेवायला लावलीत. 'हिशेब ठेवला नाही तर मुली घरी नेतील,' असा मुद्दा निघाला, तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, "नेतील, तर लागतात म्हणूनच नेतील ना?" त्यावर कुणी काही बोललं नाही. पाकिटं फळीवर गेली ती अजून तिथेच आहेत, आणि मागायला कुणाच्या टेबलासमोर उभं राहावं लागत नाही.

हे फक्त आमच्याच शाळेचं दुखणं होतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा शाळांमधल्या पाणी आणि स्वच्छतेवरचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यानुसार जगातल्या फक्त ३९ टक्के शाळांमध्ये मासिक पाळीबद्दल शिकवलं जातं, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाळीच्या कचऱ्यासाठी डबा आहे अशा शाळा ३१ टक्के. तीन शाळांपैकी दोन शाळांत साधा डबा नाही. हा आकडा मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला तेव्हा पहिल्यांदा तुमची आठवण झाली.

आता त्या मुलीबद्दल, जी दर महिन्याला जिन्याखालच्या बाकावर पोट धरून पडायची. 'होतंच असं, सहन करायला शिक' हे वाक्य तिने अनेकांकडून ऐकलं होतं. तुम्ही तिला ते ऐकवलं नाहीत. गरम पाण्याची पिशवी दिलीत, शेजारी बसलात, आणि नंतर माझ्याकडे येऊन म्हणालात, "बाई, हिला जरा जास्तच होतंय. दुपारपर्यंत तीनदा बदलायला गेली आणि स्कर्टला डाग पडला तो पडलाच."

पाळीत गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे स्नायू आकसतात आणि कळा येतात. म्हणजे थोडंफार दुखणं समजण्यासारखं आहे. पण दर महिन्याला शाळा बुडावी इतकं दुखणं, सात दिवसांहून लांबलेला रक्तस्राव, तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजणं ही डॉक्टरांना दाखवायची लक्षणं आहेत. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं, हा आजार जगात जवळपास १९ कोटी मुलींना आणि स्त्रियांना, म्हणजे पाळीच्या वयातल्या दर दहांमागे साधारण एकीला आहे, आणि त्याचं निदान व्हायला बहुधा वर्षं जातात. त्यातली बरीच वर्षं 'सहन कर' ऐकण्यात जातात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या मुलीला तो आजार नव्हता. पण रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं निघालं. या वयाच्या मुलींमध्ये ते डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. दर महिन्याला इतकं रक्त जात असेल तर शरीरातला लोहाचा साठा कसा पुरणार? वर्गात ती पेंगायची, जिना चढताना धापा टाकायची, आणि 'हिला अभ्यासात रस नाही' असा शिक्का तिच्यावर बसत चालला होता. डॉक्टरांनी रक्तस्रावावर उपचार केले, लोहाच्या गोळ्या दिल्या. आता ती गणिताच्या तासाला हात वर करते, आणि कधी कधी मला चुकीचं सोडवून दाखवते, पण दाखवते. तिच्या आईने मला फोन करून आभार मानले. ते मी तुमच्यापर्यंत पोचवले होते, आज सगळ्यांसमोर पुन्हा पोचवते.

मैदानाचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांनी पाहिलंच आहे. सातवीनंतर मुली मैदानावर दिसेनाशा होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीवरच्या अभ्यासात ११ ते १७ वयोगटातल्या ८५ टक्के मुलींची रोज तासभर हालचाल होत नसल्याचं दिसलं. मुलग्यांमध्येही हे प्रमाण ७८ टक्के होतं, म्हणजे त्यांचंही फार बरं नाही, पण मुली आणखी मागे. खेळाच्या सामानाच्या खोलीची किल्ली तुमच्याकडे. तुम्ही खेळाच्या सरांशी बोलून, मधल्या सुट्टीत दोन दिवस चेंडू मुलींनाच द्यायचे असं ठरवून घेतलंत. पहिले काही दिवस मुली नुसत्या कडेला उभ्या राहिल्या. तुम्ही चेंडू परत नेला नाहीत.

शिकण्याबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती तुम्ही विसरलाही असाल. माझ्या वर्गातली एक मुलगी तोंड उघडत नाही. गुणोत्तराचा धडा चालू होता. तुम्ही फरशी पुसायची तयारी करत होतात आणि फिनेलच्या नव्या बाटलीवर 'एक भाग फिनेल, पन्नास भाग पाणी' असं लिहिलेलं होतं. तुम्ही तिलाच विचारलंत, "अगं, माझी बादली दहा लिटरची. यात किती ओतू?" तिने तिथेच, भिंतीला टेकून, बोटाने हवेत आकडे मांडत उत्तर काढलं: २०० मिलिलिटर. मग तुम्ही म्हणालात, "आणि अर्धीच बादली भरली तर?" ती हसली आणि लगेच सांगितलं. मी दारातून हे पाहत होते. दुसऱ्या दिवशी तेच गणित तिने फळ्यावर केलं, आधी बादलीचं, मग पुस्तकातलं.

२०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मुली पाच वर्षांच्या असतात तोवर 'फार हुशार' म्हटलं की आपल्यासारख्याच कुणाचा तरी विचार करतात. सहाव्या-सातव्या वर्षापासून मात्र तो मान मुलग्यांना देऊ लागतात, आणि 'फार हुशार मुलांसाठीचा खेळ' म्हटलं की मागे सरतात. गुण कमी पडतात म्हणून असं होतं असंही नाही, कारण शाळेत मुलींनाच जास्त गुण मिळतात, हे त्या वयातही त्यांना ठाऊक असतं. वर्षानुवर्षं मागे सरत आलेली मुलगी आठवीत माझ्यासमोर बसते तेव्हा 'तू हुशार आहेस' एवढं म्हणून काही होत नाही. तिच्या उत्तराची कुणाला तरी खरोखर गरज लागावी लागते. तुम्हाला ती लागली. तुम्ही तिचं उत्तर ऐकलंत आणि त्याप्रमाणे माप ओतलंत.

आणखी एका प्रसंगाबद्दल लिहू की नको, याचा मी बराच विचार केला. तुमच्याशी आणि त्या मुलीच्या घरच्यांशी बोलून, ओळख पटेल असं काहीही न देता लिहिते, कारण यातून इतर शाळांना शिकता येईल.

एक मुलगी तुमच्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घ्या." तुम्ही शपथ घेतली नाहीत. तुम्ही म्हणालात, "गप्पांत कुणाला सांगणार नाही. पण तुला त्रास होत असेल, तर तो थांबवू शकतील अशा माणसाला सांगावंच लागेल. तू सांग, आपण दोघी मिळून जाऊ." ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने सांगितलं. तुम्ही मध्ये प्रश्न विचारले नाहीत. 'खरंच?' म्हणाला नाहीत, 'तू तिथे गेलीसच कशाला?' म्हणाला नाहीत. तिचा हात धरून माझ्याकडे आलात आणि तिच्याच शब्दांत, जेवढं तिने सांगितलं तेवढंच, सांगितलंत. पुढे तक्रार नियमाप्रमाणे योग्य ठिकाणी गेली आणि मुलीला तेच तेच दहा जणांना सांगत बसावं लागलं नाही.

बालसुरक्षेच्या प्रशिक्षणात नेमकं हेच शिकवतात: गुपित ठेवायचं वचन देऊ नका, खोदून खोदून विचारू नका, मुलावर विश्वास ठेवा, त्याचे शब्द बदलू नका, लगेच जबाबदार व्यक्तीपर्यंत पोचवा. आम्हा शिक्षकांना ते प्रशिक्षण मिळालं आहे. तुम्हाला कुणी बोलावलंच नव्हतं. मुली मात्र तुमच्याकडेच आल्या, आणि पुढेही तुमच्याकडेच येतील. गुण देणारी, पालकांना बोलावून घेणारी व्यक्ती आणि मधल्या सुट्टीत नळापाशी भेटणारी व्यक्ती यांत मुली कुणाजवळ आधी मन मोकळं करतील, हे उघड आहे. शिपाई, सफाई कर्मचारी, बसमधल्या ताई, ग्रंथालयात बसणारे काका, या सगळ्यांना त्या प्रशिक्षणात घेतल्याशिवाय ते पुरं झालं असं मी मानत नाही.

तुमचं हे सगळं काम तुमच्या कामाच्या यादीत कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही मायेने केलंत, पण माया आहे म्हणून कुणाच्या अंगावर आणखी काम टाकत राहावं, हे मला पटत नाही. म्हणून आभारांबरोबर काही मागण्याही मी मुख्याध्यापकांकडे लेखी दिल्या आहेत आणि त्या मान्य झाल्या आहेत. विद्यार्थी सुरक्षा समितीत तुम्ही यापुढे सदस्य असाल. बैठक तुमच्या कामाच्या वेळेतच होईल, म्हणजे त्यासाठी तुम्हाला थांबावं लागणार नाही आणि तो वेळ कामात धरला जाईल. डब्यांच्या सफाईसाठी जाड हातमोजे आणि एक मदतनीस मिळेल. प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीत तुमचं आणि तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचं नाव घातलं आहे.

पहिली बैठक येत्या सोमवारी मधल्या सुट्टीनंतर आहे. विषयपत्रिकेत पहिला विषय तुमचाच घेतला आहे: वरच्या मजल्यावरच्या मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी दुपारी संपतं, हा. टाकी किती वाजता रिकामी होते याची तुम्ही जी नोंद ठेवली आहे, तो कागद बरोबर आणा.

तुमची,
आठवीची वर्गशिक्षिका